दातेरी चाकांची खरेदी आणि निगा

गुऱ्हाळाचा हंगाम ऐन भरात असावा, उसाच्या मोळ्या येऊन पडलेल्या असाव्यात, गुळव्या काहिलीजवळ वाट पाहत असावा आणि अशा वेळी चरकाचे दातेरी चाक मोडावे, हा प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. मग एक माणूस मोडके चाक पोत्यात घालून रात्रीच्या गाडीने मुंबईस जातो, मशीद बंदराजवळच्या नागदेवी रस्त्यावर दुकानामागून दुकान पालथे घालतो आणि मोडक्या चाकासारखे दिसणारे दुसरे चाक घेऊन परततो. तोवर तोडलेला ऊस वाळतो, रस उतरण्याचे प्रमाण घटते, आणि बसविलेले नवे चाकही पुष्कळदा पुढील हंगाम पाहत नाही. दोष दुकानदारास दिला जातो. आमच्या मते दोष बहुधा दुकानात नसतो. चाक का मोडले याचा शोध न करता ते विकत घेतले जाते, हे या नुकसानीचे खरे मूळ आहे.

याबाबत शेतकऱ्याने कोणाकडून शिकावे असे कोणी विचारील, तर आम्ही मुंबईच्या गिरणगावाकडे बोट दाखवू. ताडदेव येथे १८५६ साली कापसाची पहिली गिरणी चालू झाली. त्यानंतर परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत धुराड्यांची जी दाटी झाली, तिच्या पोटात लक्षावधी दातेरी चाके फिरत होती. सुताची जाडी, त्यास पडणारा पीळ, कापडात इंचाला किती आडवे धागे बसावेत, हे सर्व बदलत्या चाकांच्या दात्यांवर ठरत असे. एका दात्याचा फरक पडला तरी माल निराळा निघे. साध्या विणीच्या मागात वरचा आस दोन फेरे करी तेव्हा खालचा एक करी. म्हणून तेथील दोन चाकांचे दाते बरोबर एकास दोन या प्रमाणात असत. असे काम अंदाजपंचे चालत नाही. गिरणीत चाकांचा हिशेब ठेवला जाई, तेल घालण्याचे काम नेमून दिलेल्या गड्याकडे असे, आणि चाकाचा आवाज बदलला की फिटर तेथे येऊन उभा राही. मालकांचे कामगारांशी वर्तन कसे होते हा प्रश्न वेगळा. त्याविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. परंतु यंत्राची निगा हे एखाद्याचे नेमून दिलेले काम असले पाहिजे, ही गोष्ट त्यांस पक्की समजली होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सामील झाले. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतील कित्येक कामगार गावी परतले ते कायमचे. त्यांत फिटर होते, कातारी होते, तेलवालेही होते. गावांनी त्यांच्या या विद्येचा किती उपयोग करून घेतला? आमच्या पाहण्यात तरी फार थोडा. ज्या गावी असा एखादा वृद्ध गिरणी-फिटर अजून हयात असेल, तेथील तरुणांनी त्याच्यापाशी चार दिवस बसावे; पुस्तकात सहसा न मिळणारे पुष्कळ काही तो सांगू शकेल.

आता खरेदीकडे वळू. नागदेवीस जाणारा माणूस बहुधा दाते मोजून जातो आणि भोकाचे माप घेऊन जातो. एवढे पुरत नाही. दाताची जाडी कोणत्या पद्धतीने मोजली आहे हे ठाऊक असले पाहिजे. जुनी विलायती यंत्रे आणि त्यांच्या नमुन्यावर येथे ओतलेली चाके इंचाच्या हिशेबाची, म्हणजे डायमेट्रल पिच मापाची असतात. नवी चाके बहुतकरून मिलिमीटरच्या, म्हणजे मॉड्यूलच्या हिशेबाची. मॉड्यूल काढण्याची रीत सोपी आहे. दात्यांच्या टोकांवरून चाकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजावा आणि दात्यांच्या संख्येत दोन मिळवून येणाऱ्या अंकाने त्यास भागावे. ७८ दात्यांचे चाक ४०० मिलिमीटर भरले, तर ४०० भागिले ८० म्हणजे मॉड्यूल ५. तेच चाक १६ इंच, म्हणजे ४०६ मिलिमीटरहून किंचित अधिक भरले, तर ते मॉड्यूल ५ चे नसून डायमेट्रल पिच ५ चे आहे.

हा फरक डोळ्यांस दिसत नाही, आणि येथेच माणूस फसतो. १८ दात्यांचे पिनियन, म्हणजे जोडीतील लहान चाक, एका पद्धतीने १०० मिलिमीटर भरते व दुसऱ्या पद्धतीने १०१.६. जुने पिनियन झिजलेले असले तर हा दीड मिलिमीटर झिजेतच लपून जातो. दुकानदार म्हणतो, ‘बसेल’. आणि ते बसतेही. काही दिवस फिरते, कुरकुरते, तापते आणि ऐन कामात दाते सोडते. म्हणून पिनियन घ्यावयाचे असले तरी माप मोठ्या चाकाचे घ्यावे. तेथे फरक सहा मिलिमीटरांचा असल्यामुळे तो लपत नाही. दात्यांची संख्या विषम असेल तर समोरासमोर टोके येत नाहीत आणि व्यास थोडा कमी भरतो. अशा वेळी भोकाच्या कडेपासून दाताच्या टोकापर्यंतचे अंतर घ्यावे, ते दुप्पट करावे व त्यात भोकाचा व्यास मिळवावा.

दाताच्या बाजूचा कलही दोन प्रकारचा आढळतो. जुन्या चाकांत तो साडेचौदा अंशांचा असे, हल्ली वीस अंशांचा असतो. कल निराळे असलेली दोन चाके मापाने जुळली तरी एकमेकांवर नीट लोळत नाहीत, घासत राहतात. याची खात्री सामान्य माणसास मापाने करता येणे कठीण आहे. त्यामुळे आमचा सल्ला असा की, जोडीतील एक चाक फार झिजले असेल तर दोन्ही चाके एकदमच बदलावी. झिजलेल्या चाकाशी नवे चाक जोडणे म्हणजे नव्याचे दाते जुन्याच्या झिजेप्रमाणे घासून घेणे होय. खर्च थोडा अधिक येतो हे खरे. पण दोन वेळा मुंबईची वारी, दोन वेळा कातारी आणि मध्यंतरी वाळलेला ऊस यांची बेरीज केली तर तो अधिक वाटणार नाही.

मोडीच्या बाजारात जुन्या यंत्रांची चाके वजनावर मिळतात व ती घेण्याचा मोह होतो. ‘गिरणीचे पोलाद आहे, पन्नास वर्षे चालेल’ असे सांगणारेही भेटतात. या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे : चरकासाठी, मळणीयंत्रासाठी किंवा रोटाव्हेटरसाठी असे चाक घेऊ नये. सूतकताईच्या यंत्रातील चाकावर भार हलका आणि एकसारखा असतो. चरकात उसाची जाड मोळी एकदम शिरली की दातावर घणाचा घाव बसतो. त्यातून त्या चाकाने कोठे किती काम केले, दाताच्या बुडाशी चीर गेली आहे काय, हे विकणाऱ्यासही ठाऊक नसते. पाणी उपसण्याच्या हातपंपास किंवा कडबा कापण्याच्या हातयंत्रास ते चालून जाईल. इंजिनावर चालणाऱ्या यंत्रास लावू नये.

धातूविषयीही थोडे लिहिणे अवश्य आहे. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे चाक स्वस्त पडते, धक्का येत नसेल तर चांगले चालते, आवाजही कमी करते. परंतु धक्का बसताच ते वाकत नाही, तुटते. पूर्वी बैलांच्या चरकास बिडाची चाके पुरत. बैलजोडी सतत कामात साधारण एक अश्वशक्ती देते आणि अडथळा येताच स्वतः थांबते. त्याच चरकास पाच किंवा सात अश्वशक्तीची मोटर लावली की चाकाची गाठ न थांबणाऱ्या धन्याशी पडते. मोटर लावताना चाके तीच ठेवणारे शेतकरी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. मोटरीचा खर्च त्यांना दिसतो, चाकाचा दिसत नाही. चरकासारख्या धक्क्याच्या कामास चाक निवडताना नेहमीच्या भाराच्या पावणेदोनपट ते दुप्पट भार धरावा. दाताचे बळ त्याच्या जाडीवर व रुंदीवर अवलंबून असते. रुंदी मॉड्यूलच्या आठ ते बारा पट असावी, म्हणजे मॉड्यूल ५ असेल तर चाळीस ते साठ मिलिमीटर. आणि मंद फिरणाऱ्या चाकावर भार अधिक येतो हे विसरू नये. अश्वशक्ती तीच ठेवून फेरे निम्मे केले तर पिळाचा जोर दुप्पट होतो. चरकाच्या लाटेजवळचे चाक सर्वांत सावकाश फिरते, म्हणून तेच सर्वांत बळकट हवे.

पिनियन मोठ्या चाकापेक्षा कठीण धातूचे असावे, कारण त्याचा प्रत्येक दात अधिक वेळा कामास लागतो. तसेच नवी जोडी करवून घेताना १८ दात्यांस ७२ ऐवजी ७३ दाते मागावे. ७२ असले तर पिनियनचा एक दात आयुष्यभर मोठ्या चाकाच्या त्याच चार दातांवर बसतो, आणि एक बिघडला की चार बिघडवितो. ७३ असले तर प्रत्येक दात पाळीपाळीने सर्वांशी भेटतो व झीज सारखी वाटली जाते. वेगाच्या प्रमाणात पडणारा फरक चरकाच्या कामात जाणवत नाही. जुन्या यंत्रकारांस ही युक्ती चांगली अवगत होती. पिनियनचे दाते सतरा-अठराहून कमी करवू नयेत. कमी केले की दात बुडाशी कोरला जाऊन कमजोर होतो.

वाचकांपैकी काही म्हणतील की ही इंजिनिअरांची विद्या आहे, शेतकऱ्यास तिचे काय? त्यांस आम्ही एका गृहस्थाचे स्मरण देतो. मुंबईत १८८७ साली स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था, जी १९२३ साली भायखळ्याहून माटुंग्यास गेली व आज वीरमाता जिजाबाईंच्या नावाने चालते, तेथे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांत्रिक रेखन शिकवीत असत. ते शहर सोडून ते बेळगावास आले आणि त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. गिरण्यांच्या शहरातील रेखनविद्या शेताच्या बांधावर आणून ठेवण्याचे हे काम एका शिक्षकाने केले. ते करताना यंत्र वापरणाऱ्या शेतकऱ्यास त्यांनी अडाणी गणले नाही. आपणही स्वतःस तसे गणू नये.

आता मोडक्या चाकाकडे या. ते पोत्यात घालण्यापूर्वी उजेडात धरून पाहावे. तुटलेला भाग सगळा खरबरीत, दाणेदार व एकाच रंगाचा असेल तर चाक एका धक्क्याने तुटले आहे : दगड, खिळा, किंवा उसाची बेसुमार भरती. तुटीचा काही भाग गुळगुळीत, काळपट असून त्यावर शिंपल्यासारख्या रेघा असतील आणि उरलेला खरबरीत असेल, तर चीर फार दिवसांपूर्वी पडली होती व ती हळूहळू वाढत होती. याचा अर्थ चाकावर रोजचाच भार त्याच्या शक्तीबाहेर होता. दात एकाच टोकाशी झिजले असतील तर दोन आस समांतर नाहीत. दाताच्या मध्यावर बारीक खड्डे पडले असतील तर भार अधिक किंवा वंगण पातळ. दाताच्या उंचीच्या दिशेने ओरखडे असतील तर वंगणाचा थर तुटून धातू धातूवर घासला आहे.

आमच्या पाहण्यातील एका सहकारी गुऱ्हाळाचे चाक एकाच हंगामात तीन वेळा मोडले. दर वेळी अधिक महाग चाक आणले गेले, शेवटचे तर उत्तम पोलादाचे होते. तिन्ही चाकांचे दात एकाच अंगाने खाल्ले गेले होते, पण तिकडे कोणी पाहिले नाही. चौथ्या वेळी एका जाणत्या मनुष्याने चरकाच्या पायाचे बोल्ट तपासले. त्यांतील दोन ढिले होते. भार येताच सबंध चौकट तिरपी होई. बोल्ट आवळण्यास अर्धा तास लागला. चाकांस किती रुपये गेले ते संस्थेच्या वहीत आहे; येथे लिहून कोणास लाजविण्याची आमची इच्छा नाही.

जोडी बसविताना दोन दातांमध्ये थोडी मोकळीक ठेवावी लागते. मॉड्यूल ५ च्या जोडीस ती दोन जाड कागदांच्या जाडीइतकी पुरे. गच्च बसविलेली चाके तापून एकमेकांस खातात, फार सैल बसविलेली दर उलट धक्क्यास ठोकतात. मोठ्या चाकाच्या काही दातांस तेलात कालविलेले काजळ पातळसे लावून जोडी हाताने फिरवावी. पिनियनच्या दातांवर डाग मध्यभागी आणि बऱ्याचशा रुंदीवर उमटला तर आस बरोबर आहेत. एका कोपऱ्यात उमटला तर यंत्र चालू करू नये. ही परीक्षा फुकट आहे, आणि आमच्या मते याहून उपयुक्त परीक्षा दुसरी नाही. चावी खाचेत घट्ट बसली आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे. ढिली चावी भोक खाते आणि मग चांगले चाकही आसावर डुलू लागते.

ट्रॅक्टरच्या मागे चालणाऱ्या यंत्रांत आणि काही चरकांतही एक कमजोर पिन मुद्दाम ठेवलेली असते, जिला शिअर पिन म्हणतात. अडथळा आला की ती तुटावी आणि चाक वाचावे, हा तिचा हेतू. ती वारंवार तुटते म्हणून वैतागून तिच्या जागी कठीण पोलादाचा बोल्ट घालणारे लोक आहेत. त्यांनी चाकाचा पहारेकरी काढून टाकला, असे म्हणावे लागेल. जुन्या कारखान्यांत तर काही मोठ्या चाकांस लाकडाचे दाते बसवीत. धक्क्याने लाकडी दात मोडे, तो बदलता येई, आणि लोखंडी जोडीदार सुरक्षित राही.

वंगणाच्या बाबतीत आमच्या गावांत दोनच रीती दिसतात : काहीच न घालणे किंवा हाती येईल ते घालणे. इंजिनातून काढलेले काळे तेल चाकांवर ओतणे ही दुसरी रीत. त्यात धातूचा कीस आणि काजळी असते. ते तेल नव्हे, पातळ केलेली कानस आहे. बंद पेटीतील चाकांस यंत्र करणाऱ्याने सांगितलेल्या जाडीचेच गिअर तेल घालावे, यंत्र थांबवून पातळी पाहावी, आणि खुणेच्या वर भरू नये. अधिक तेल घुसळून पेटी तापते. नव्या जोडीतील पहिले तेल थोड्या दिवसांनी काढून टाकावे, कारण सुरुवातीच्या झिजेचा कीस त्यात उतरतो. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. वर्म जातीच्या पेटीत काशाचे चाक असते. जोराच्या भारासाठी गंधकयुक्त द्रव्ये घातलेली काही तेले त्यास बाधतात, म्हणून तेथे तेलाचा प्रकार विचारूनच घ्यावा. उघड्या चाकांवर ग्रीसमध्ये धूळ बसून तिचा लगदा होतो. तो नुसता नव्या ग्रीसने झाकू नये. आधी रॉकेलने व चिंधीने जुना काढावा, मग नवे लावावे. आणि हे सर्व यंत्र बंद करून, मोटरीचा खटका काढून करावे. उघड्या चाकांवर पत्र्याचे झाकण असले पाहिजे. त्याने रसात ग्रीस पडत नाही, चाकांवर आंबट रस पडून ती गंजत नाहीत, आणि धोतराचा सोगा, पदर किंवा हात आत जात नाही. कारखान्यांत फिरत्या यंत्रास कुंपण घालण्याची सक्ती १९४८ च्या कारखाने कायद्याने केली. शेतीतील धोक्याच्या यंत्रांसाठी, त्यांतही मळणीयंत्रांसाठी, १९८३ साली निराळा कायदा झाला. कायदा असूनही झाकण काढून भिंतीशी उभे केलेले आम्ही कितीदा पाहिले आहे, आणि बोटे गमावलेली माणसेही पाहिली आहेत.

आमची सूचना अशी आहे. ज्या ज्या सोसायटीचे सामाईक यंत्र आहे, तिने पुढील हंगामापूर्वी एका माणसास तेल, झाकणे आणि बोल्ट यांचे काम नेमून द्यावे व त्यास मेहनताना द्यावा. सर्वांचे काम ते कोणाचेच काम नसते, त्यामुळे पाळीपाळीने करण्याच्या ठरावास आमचा विरोध आहे. लहान संस्थेस हा खर्च झेपणार नाही असा आक्षेप येईल. तेव्हा जवळच्या तीन-चार गावांनी मिळून एक माणूस ठेवावा. त्याने एक वही ठेवावी : प्रत्येक चाकाचे दाते, टोकावरील व्यास, रुंदी, भोक, चावीची खाच, धातू, बसविल्याची तारीख, तेल बदलल्याची तारीख, आणि मोडल्यास मोडीचे वर्णन. ज्या चाकावाचून गुऱ्हाळ बंद पडते त्याची एक जादा जोडी हंगामापूर्वी घेऊन, ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवावी. आणि मुंबईस जाणाऱ्याच्या खिशात त्या वहीचे पान असावे. पोत्यात मोडके चाक असले तरी चालेल, नसले तरी चालेल.